वाक्यच कर्ता झालं तर इंग्रजी क्रियापदाचं वचन कसं ठरवायचं?

‘रीडिंग बुक्स आर माय हॉबी.’ मुलाखतीच्या तयारीच्या वह्यांमध्ये हे वाक्य हमखास सापडतं. लिहिणाऱ्याला ‘बॉय इज’ आणि ‘बॉइज आर’ चांगलं पाठ असतं. पण ‘बुक्स’ हा शब्द क्रियापदाला खेटून बसलेला असतो, अनेकवचनी दिसतो आणि हात आपसूक ‘आर’ लिहून मोकळा होतो. छंद वाचण्याचा आहे आणि वाचणं हे एकच काम आहे, म्हणून इथे ‘इज’च हवं.

अशी वाक्यं, म्हणजे ज्यांत कर्त्याच्या जागी साधं नाम नसतं, तर अख्खं उपवाक्य किंवा एखादी क्रिया येऊन बसते, ती या लेखात पाहू. इंग्रजी उदाहरणं देवनागरीत दिली आहेत. वहीत ती रोमन लिपीत उतरवून घ्या आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारत पुढे जा. नुसतं वाचून हा भाग हाताखालून जात नाही.

आधी एक दिलासा. इंग्रजी क्रियापदाचं वचन फार थोड्या ठिकाणी दिसतं: वर्तमानकाळात शेवटी लागणारा ‘एस’, आणि ‘इज-आर’, ‘वॉज-वेअर’, ‘हॅज-हॅव’, ‘डझ-डू’ या जोड्या. बाकी भूतकाळात वचनाचा पत्ताच लागत नाही. ‘कॅन’, ‘विल’, ‘शुड’, ‘मस्ट’ यांनाही वचन नसतं. म्हणजे ‘व्हॉट ही सेड सरप्राइज्ड अस’ या वाक्यात डोकं खाजवण्यासारखं काही नाही. एवढ्या जोड्या समोर आल्या तरच थांबायचं.

मराठीतलं ‘हे’

‘गाड्या उशिरा सुटतात हे सगळ्यांना माहीत आहे.’ यात गाड्या अनेक, ‘सुटतात’ अनेकवचनी, तरी शेवटी ‘हे माहीत आहे’. ‘रस्ते खराब आहेत हे खरं आहे’ असं आपण म्हणतो. ‘हे खरे आहेत’ असं कुणी म्हणत नाही. आतलं वाक्य कितीही माणसांचं आणि वस्तूंचं असो, मराठी त्याची एक मोळी बांधते, वर ‘हे’ची गाठ मारते आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात ठेवते. शाळेत शिकलेला भावे प्रयोग आठवा: क्रियापदाला ना कर्त्याशी जुळवून घेता येतं ना कर्माशी, तेव्हा ते नपुंसकलिंगी एकवचनात जातं. इंग्रजीत लिंगाची भानगड नाही, पण खोड तीच. मोजता येत नाही ते एकवचनी.

म्हणून ‘दॅट द रोड्स आर बॅड इज ट्रू.’ या वाक्यात ‘आर’ रस्त्यांचं आहे आणि ‘इज’ त्या ‘हे’चं.

पहिला नियम एवढाच: ‘दॅट’, ‘व्हेदर’, ‘हाउ’, ‘व्हाय’, ‘व्हेन’, ‘हू’ यांनी सुरू होणारं एक उपवाक्य कर्ता असेल, तर मुख्य क्रियापद एकवचनी. ‘व्हेदर दे कम ऑर नॉट डझ नॉट मॅटर.’ ‘हाउ द थीव्ह्ज गॉट इन रीमेन्स अ मिस्टरी.’ दुसऱ्या वाक्यात चोर अनेक, पण कोडं ते आत कसे शिरले याचं आहे.

मग मराठी माणूस नेमका चुकतो कुठे? दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी त्याला मराठीच ढकलते.

एक: ‘मला पुस्तकं वाचायला आवडतात’ हे वाक्य आपण बेधडक बोलतो. आवडतं ते वाचणं, पण क्रियापद ‘पुस्तकं’शी जुळतं. ‘आंबे खाल्लेले बरे’ हीही तीच गत. मराठी क्रियापद कर्माकडे ओढलं जातं, आणि ती ओढ इंग्रजीत नेली की ‘रीडिंग बुक्स आर’ तयार होतं. यावर उपाय असा की मनात वाक्य जुळवताना ‘वाचायला’ किंवा ‘खाल्लेले’ न म्हणता ‘वाचणं’, ‘खाणं’ म्हणावं. ‘पुस्तकं वाचणं आवडतं’ असं म्हटलं की एकवचन आपोआप येतं.

दोन: आपलं ‘हे’ पुढच्या नामाप्रमाणे रंग बदलतं. ‘चुका करणं ही त्याची सवय आहे’, ‘पुस्तकं वाचणं हा छंद आहे’. एवढंच काय, ‘त्याची अडचण म्हणजे खड्डे आहेत’ असंही सहज तोंडी येतं. इंग्रजी क्रियापद पुढे काय येतंय याची वाट पाहत नाही. मागे काय आहे तेच बघतं. ‘द प्रॉब्लेम इज पॉटहोल्स.’ अडचण एक, खड्डे शंभर, क्रियापद ‘इज’.

जवळच्या अनेकवचनी शब्दामुळे होणारी चूक मात्र आपल्या एकट्यांची नाही. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर या संशोधकांनी 1991 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ‘द की टू द कॅबिनेट्स’ अशा धाटणीचे तुकडे ऐकवायचे आणि वाक्य पुरं करायला सांगायचं. किल्ली एक असूनही काही जणांच्या तोंडून ‘आर’ निघून गेलं. मुख्य नाम एकवचनी आणि मधलं अनेकवचनी असेल तेव्हा चुका जास्त, उलट असेल तेव्हा फारच कमी. म्हणून क्रियापदाच्या लगेच आधी ‘एस’वाला शब्द दिसला की सावध व्हायचं.

पहिली पायरी: मुख्य क्रियापद शोधा

नवशिक्यांची अर्धी अडचण वचनाची नसतेच. कोणत्या क्रियापदाचं वचन ठरवायचंय हेच सापडत नाही. त्यासाठी एक हिशोब आहे. वाक्यातले जोडशब्द मोजा, म्हणजे ‘दॅट’, ‘व्हॉट’, ‘हू’, ‘व्हेन’ वगैरे. त्यात एक मिळवा. काळ दाखवणारी क्रियापदं तेवढीच असायला हवीत. प्रत्येक जोडशब्द आपापलं एक क्रियापद घेऊन जातो आणि उरतं ते मुख्य.

हे वाक्य घ्या: ‘व्हॉट द क्लर्क टोल्ड द फार्मर्स हू हॅड कम फ्रॉम थ्री व्हिलेजेस वॉज नॉट इन द रूल्स.’ जोडशब्द दोन, ‘व्हॉट’ आणि ‘हू’. म्हणजे क्रियापदं तीन हवीत: ‘टोल्ड’, ‘हॅड कम’, ‘वॉज’. ‘हॅड कम’ हे मिळून एकच धरायचं. ‘हू’ने ‘हॅड कम’ नेलं, ‘व्हॉट’ने ‘टोल्ड’ नेलं, उरलं ‘वॉज’. आता ‘व्हॉट’पासून ‘व्हिलेजेस’पर्यंत चौकोन काढा आणि त्या चौकोनावर ‘हे’ लिहा. ‘कारकुनाने सांगितलं ते नियमात नव्हतं.’ शेतकरी आणि तीन गावं चौकोनाच्या आत बंद झाली, त्यांचा ‘वॉज’शी संबंध उरला नाही. ‘व्हिलेजेस वेअर’ लिहिण्याचा मोह इथेच होतो.

‘टू’ लागलेली रूपं आणि ‘आयएनजी’ची रूपं या हिशोबात धरायची नाहीत. आणि हिशोब एकाने जास्त आला तर एखादा ‘दॅट’ लपलाय असं समजा. ‘ऑल आय हॅव इज थ्री टिकिट्स’ यात जोडशब्द दिसत नाही, क्रियापदं मात्र दोन आहेत, कारण ‘ऑल’नंतरचा ‘दॅट’ गाळलेला आहे. इथे ‘ऑल’चा अर्थ ‘एवढंच काय ते’, म्हणून ‘इज’. ‘ऑल हू केम वेअर हंग्री’ यात ‘ऑल’ म्हणजे आलेली सगळी माणसं, म्हणून ‘वेअर’.

दुसरी पायरी: चौकोनाच्या जागी ‘इट’ ठेवा

चौकोन पुसून तिथे ‘इट’ ठेवला आणि वाक्य अर्थाला धरून राहिलं तर एकवचन. इंग्रजीत बऱ्याचदा हे काम आधीच केलेलं असतं: लांबलचक उपवाक्य शेवटी ढकलतात आणि सुरुवातीला ‘इट’ ठेवतात. ‘इट इज क्लिअर दॅट प्राइसेस हॅव गॉन अप.’ बोलताना हीच रचना सोयीची. ‘दॅट’ने सुरू होणारं वाक्य जड वाटतं आणि ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत ताटकळत ठेवतं.

या ‘इट’ची एक जुळी बहीण आहे, ती वेगळी वागते: ‘इट इज पॉटहोल्स दॅट कॉज अ‍ॅक्सिडेंट्स.’ पहिलं ‘इज’ हे ‘इट’चं, ते कायम एकवचनीच. पण ‘दॅट’नंतरचं ‘कॉज’ खड्ड्यांशी जुळतं. खड्ड्यांवर जोर द्यायचा आहे म्हणून वाक्य असं फोडलंय. मूळ वाक्य ‘पॉटहोल्स कॉज अ‍ॅक्सिडेंट्स’ हेच.

आणि उपवाक्याच्या आधी नाम असेल तर सत्ता त्या नामाकडे जाते. ‘द फॅक्ट दॅट द बसेस आर लेट इज वेल नोन’ यात ‘फॅक्ट’ एक, म्हणून ‘इज’. ‘द रीझन्स व्हाय ही लेफ्ट आर पर्सनल’ यात कारणं अनेक, म्हणून ‘आर’. इथे चौकोनाला हात लावायची गरजच नाही.

तिसरी पायरी: ‘अँड’ कुठे बसलाय ते पाहा

‘व्हॉट ही सेज अँड व्हॉट ही डझ आर टू डिफरंट थिंग्ज.’ बोलतो ते एक आणि करतो ते दुसरं, चौकोन दोन, म्हणून ‘आर’. पण ‘व्हॉट ही सेज अँड डझ इज हिज बिझनेस’ यात ‘व्हॉट’ एकच. बोलणं-करणं एका मोळीत बांधलंय, म्हणून ‘इज’.

एवढ्यावरून प्रश्नशब्द मोजायचे असा निष्कर्ष काढू नका. ‘व्हेन अँड हाउ द एक्झाम विल बी हेल्ड हॅज नॉट बीन अनाउन्स्ड’ यात प्रश्नशब्द दोन, पण उपवाक्य एकच, कारण आत क्रियापद एकच आहे: ‘विल बी हेल्ड’. परीक्षा केव्हा आणि कशी होणार ‘हे’ जाहीर झालेलं नाही. म्हणजे मोजायची ती चौकोनांच्या आतली क्रियापदं आणि त्यांचे कर्ते.

दोन पूर्ण उपवाक्यं असूनही एकवचन आलेलं छापील इंग्रजीत दिसेल. दोन्ही मिळून एकच मुद्दा आहे असं लिहिणाऱ्याच्या मनात असलं की तसं होतं. 1985 मध्ये क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्त्विक या चौघांचं जे भलंमोठं इंग्रजी व्याकरण आलं, त्यात जुळणीची तीन तत्त्वं मांडली आहेत: रूपाप्रमाणे, अर्थाप्रमाणे आणि जवळच्या शब्दाप्रमाणे. ‘अँड’च्या बाबतीत रूप आणि अर्थ यांची ओढाताण चालते. नवशिक्याने सरळ हिशोब ठेवावा: पुढे ‘टू’, ‘बोथ’, ‘सेपरेट’, ‘डिफरंट’ असा शब्द असेल तर अनेकवचन पक्कं, नसेल तर ‘या दोन गोष्टी’ म्हणायचंय की ‘हे सगळं’, हे स्वतःला विचारायचं. क्रियांनाही हेच लागू. ‘कुकिंग अँड क्लीनिंग टेक टाइम’, कारण स्वयंपाक वेगळा आणि साफसफाई वेगळी. ‘ड्रिंकिंग अँड ड्रायव्हिंग इज अ क्राइम’, कारण गुन्हा पिऊन गाडी चालवण्याचा. दोन्ही सुटे केले तर पोलीस विचारायलाही येणार नाहीत.

‘ऑर’ने मोळी वाढत नाही. ‘व्हेदर वी गो ऑर व्हेदर वी स्टे डिपेंड्स ऑन द रेन.’

चौथी पायरी: ‘व्हॉट’शी जपून

बाकीची उपवाक्यं गरीब असतात, ‘व्हॉट’ मात्र दुतोंडी आहे. कधी त्याचा अर्थ ‘काय’ असतो, कधी ‘जे’. हा फरक मराठीत लगेच कळतो, फक्त वापरायची सवय हवी.

‘व्हॉट ही ईट्स इज नॉट नोन.’ तो काय खातो हे माहीत नाही. हा ‘काय’वाला, म्हणजे आत प्रश्न दडलेला. याचं क्रियापद नेहमी एकवचनी.

‘व्हॉट वेअर वन्स पॅडी फील्ड्स आर नाउ हाउसिंग प्लॉट्स.’ एकेकाळी जी भातखाचरं होती ती आता प्लॉट झालीत. इथे ‘काय’ घालून बघा, वाक्य मोडतं. हा ‘जे’वाला, आणि मराठीत ‘जे-ते’ची ‘जी-ती’ झाली की इंग्रजीतही अनेकवचन. आतलं आणि बाहेरचं क्रियापद एका वचनात ठेवायचं हे इथलं पथ्य. आत ‘वेअर’ तर बाहेर ‘आर’. आत ‘वॉज’ तर बाहेर ‘इज’. ‘व्हॉट सीम्स टू बी स्पॉट्स आर’ अशी खिचडी करायची नाही.

आतल्या उपवाक्यात ‘व्हॉट’ कर्म असेल तर आतलं क्रियापद काहीच सांगत नाही. ‘व्हॉट वी नीड इज मोअर टीचर्स’ आणि ‘व्हॉट वी नीड आर मोअर टीचर्स’, दोन्ही चांगल्या लेखकांच्या हातून उतरतात. पहिल्यात गरज एक मानली आहे, दुसऱ्यात शिक्षकांकडे पाहिलं आहे. आमचा कल पहिल्याकडे. ते कुणी चूक ठरवणार नाही, आणि पुढचं नाम बघून क्रियापद बदलण्याच्या मराठी सवयीला आळाही बसतो. चूक शोधा धर्तीच्या प्रश्नात दुसरं रूप दिसलं, तर आधी वाक्याच्या बाकी भागात ठळक चूक आहे का ते पाहा.

‘व्हॉट’ला लागून नाम आलं तर त्या नामाचं ऐकायचं. ‘व्हॉट फ्यू ट्रीज वेअर लेफ्ट हॅव बीन कट.’ जी काही थोडी झाडं उरली होती ती तोडली. ‘व्हॉट मनी आय हॅव इज इन द बँक.’ पैसे मराठीत अनेक, पण इंग्रजी ‘मनी’ एकवचनी. इथे मराठी चाचणी दगा देते, तेवढी लक्षात ठेवा.

‘हूएव्हर’ची वेगळीच गंमत. ‘जे नियम मोडतील ते दंड भरतील’ असं आपण अनेकवचनात बोलतो. इंग्रजीत ‘हूएव्हर ब्रेक्स द रूल्स पेज द फाइन’, आत-बाहेर दोन्हीकडे ‘एस’. मराठी वाक्य ‘जो कोणी’ने सुरू करा, जमेल.

रस्त्यावरची मुलं

‘आयएनजी’च्या रूपांसाठी ही जोडी तोंडपाठ करण्यासारखी आहे. ‘चिल्ड्रन प्लेइंग ऑन द रोड इज अ डेंजर.’ ‘चिल्ड्रन प्लेइंग ऑन द रोड आर इन डेंजर.’ कर्त्याचे शब्द हुबेहूब तेच, क्रियापदं वेगळी, आणि दोन्ही वाक्यं बरोबर. पहिल्यात मुलांचं रस्त्यावर खेळणं हा धोका आहे, गाडीवाल्यांनाही. दुसऱ्यात रस्त्यावर खेळणारी मुलं धोक्यात आहेत. मराठीत ‘खेळणं’ आणि ‘खेळणारी’ अशी दोन रूपं असल्याने आपला गोंधळ होत नाही. इंग्रजीत ‘प्लेइंग’ एकटंच दोन्हीकडे राबतं आणि खुलासा फक्त क्रियापद करतं. पहिल्या अर्थासाठी औपचारिक लेखनात ‘चिल्ड्रन्स प्लेइंग’ असंही लिहितात, मग संशयाला जागा राहत नाही.

चाचणी अशी: ‘आयएनजी’च्या शब्दाचं मराठी ‘-णं’ होतंय की ‘-णारा, -णारी, -णारे’? ‘-णं’ असेल तर एकवचन. ‘-णारे’ असेल तर ज्याच्याबद्दल बोलतोय त्याचं वचन. ‘अर्निंग्ज’, ‘सेव्हिंग्ज’, ‘फाइंडिंग्ज’ ही मात्र ‘एस’ लागून पक्की नामं झालेली आहेत, त्यांना अनेकवचनच.

‘टू’वाली रूपं त्रास देत नाहीत. ‘टू लर्न टू लँग्वेजेस इज हार्ड.’ भाषा दोन, शिकणं कठीण.

अडलं तर

परीक्षेत वेळ जातोय किंवा ऑफिसची मेल लगेच पाठवायची आहे आणि वचन ठरत नाही, तर वाक्याची वाट बदला. ‘इज’ किंवा ‘आर’ऐवजी ‘विल बी’ किंवा ‘कॅन बी’ चालतंय का पाहा. उपवाक्य शेवटी नेऊन सुरुवातीला ‘इट’ आणा. किंवा ‘व्हॉट वी नीड’ टाकून सरळ ‘वी नीड मोअर टीचर्स’ लिहा. बहुतेक वेळा तेच वाक्य जास्त चांगलं असतं. गाळलेल्या जागा भरायच्या प्रश्नात मात्र ही पळवाट नाही.

सराव

रिकामी जागा स्वतः भरा, मग पुढे वाचा. ‘व्हेदर द शॉप्स विल रीमेन ओपन ___ नॉट क्लिअर.’ ‘व्हाय अँड हाउ द ब्रिज फेल ___ बीइंग एक्झामिन्ड.’ ‘हाउ द मनी वॉज स्पेंट अँड हू अप्रूव्ह्ड इट ___ टू सेपरेट मॅटर्स.’ ‘व्हॉट लुक लाइक स्टार्स ___ अ‍ॅक्चुअली प्लॅनेट्स.’ ‘व्हॉट लिटल फर्निचर दे हॅव ___ ओल्ड.’

उत्तरं क्रमाने: ‘इज’, दुकानं चौकोनाच्या आत आहेत. ‘इज’, प्रश्नशब्द दोन पण पूल एकदाच पडला. ‘आर’, उपवाक्यं दोन आणि पुढे ‘टू सेपरेट’. ‘आर’, कारण आत ‘लुक’ला ‘एस’ नाही. ‘इज’, मराठीत फर्निचर कितीही असो, इंग्रजीत ते मोजत नाहीत.

आणि एक शेवटचं, कांदा उत्पादकांच्या राज्यातलं: ‘ग्रोइंग ओनियन्स ___ अ लॉट ऑफ वॉटर.’ इथे ‘नीड’ की ‘नीड्स’? दोन्ही. ‘नीड्स’ लिहिलंत तर कांदा पिकवायला पाणी फार लागतं. ‘नीड’ लिहिलंत तर वाढीला लागलेल्या कांद्यांना पाणी फार लागतं.